बाहेर असलेल्यांचं काय?

२९ ऑक्टोबर १९५६, सोमवार. संध्याकाळी साडेचारच्या सुमारास कफ्र कासिम नावाच्या गावात इस्रायली सीमा पोलिसांचा एक सार्जंट मुख्तारकडे गेला. मुख्तार म्हणजे गावचा सरकारमान्य प्रमुख. सार्जंटने त्याला सांगितलं, आज संचारबंदी पाच वाजल्यापासून लागू होईल. पाचनंतर घराबाहेर जो दिसेल त्याला गोळी घातली जाईल.

मुख्तार म्हणाला, गावातली चारएकशे माणसं कामावर गेली आहेत. कुणी लांब शेतात आहे, कुणी खाणीवर, कुणी दुसऱ्या शहरात. अर्ध्या तासात त्यांच्यापर्यंत निरोप पोहोचणार कसा?

त्यांना आत येऊ देऊ, असं सार्जंटने सांगितलं. मुख्तारने घरोघर माणसं धाडली. गावात होते ते घरात गेले, पोरांना आत ओढलं, दारं लावून घेतली. बाहेर होते त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. ते रोजच्यासारखे दिवस मावळताना घराकडे निघाले. पुढच्या दीडेक तासात ४८ जण मारले गेले, बहुतेक गावाच्या वेशीवर. मेलेल्यांत एक बाई गरोदर होती, म्हणून गावकरी ४९ मोजतात. मीही ४९च मोजते.

ऑक्टोबर २०२३ पासून मी इस्रायल-पॅलेस्टाइन संघर्षाबद्दल वाचते आहे. त्या ७ तारखेला हमासने दक्षिण इस्रायलमध्ये साधारण १२०० माणसं मारली. घरात झोपलेली, नाचगाण्याच्या कार्यक्रमाला आलेली, म्हातारी, पोरं. त्यानंतर गाझात जे झालं त्यातल्या मृतांचा आकडा हजारांनी आणि मग दहा-दहा हजारांनी वाढत गेला. त्या आकड्यांपुढे माझी मती चालेना. आमच्या नातेवाइकांच्या आणि जुन्या सहकाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत मात्र आकड्यांना आकडे भिडवले जात होते. तुमचे इतके, आमचे तितके. इथे बसून ‘आमचे’ कोण हे लोकांनी कसं ठरवलं, ते मला कळलं नाही. मेलेल्या माणसाची बेरीज-वजाबाकी मला सोसत नाही. म्हणून मी उलट्या दिशेने गेले. जिथे काय घडलं, कुणी कुणाला काय सांगितलं, कुणी काय विचारलं आणि काय उत्तर मिळालं हे कोर्टाच्या दप्तरात नोंदलेलं आहे, अशी एक जुनी घटना हाती घेतली. कफ्र कासिम तिथे सापडलं आणि ते काही केल्या मनातून जाईना.

गाव तेल अवीवच्या पूर्वेला वीसेक किलोमीटरवर, पूर्वीच्या जॉर्डन हद्दीच्या अगदी कडेला. पलीकडे वेस्ट बँकचे डोंगर, अलीकडे किनारपट्टीची सपाट जमीन. १९४८ च्या युद्धात हे गाव लढून जिंकलेलं नव्हतं. १९४९ मध्ये इस्रायल आणि जॉर्डनमध्ये युद्धबंदीचा करार झाला, नकाशावर रेघ सरकली आणि या पट्ट्यातली गावं इस्रायलच्या ताब्यात आली. माणसं जागची हलली नाहीत, राज्य मात्र बदललं. १९५६ मध्ये गावाची वस्ती दोनेक हजार. सगळे अरब, सगळे इस्रायलचे नागरिक, मतदानाचा हक्क असलेले. पण नागरिक असले तरी त्यांच्यावर लष्करी राजवट होती. दुसऱ्या गावी जायचं तर परवाना लागे आणि रात्रीची संचारबंदी नेहमीचीच होती. ही राजवट १९६६ पर्यंत चालली. हे लक्षात ठेवायला हवं, कारण त्या संध्याकाळी जे मेले ते शत्रुराष्ट्राचे नव्हते. ज्यांनी गोळ्या घातल्या त्यांच्याच देशाचे ते नागरिक होते.

त्याच दिवशी इस्रायलने सिनाईत इजिप्तवर चढाई केली. संध्याकाळी छत्रीधारी सैनिक मितला खिंडीजवळ उतरले. सुएझच्या युद्धाची ती सुरुवात. पूर्वेकडून जॉर्डनही युद्धात उतरेल अशी भीती होती, म्हणून त्या हद्दीवरची गावं गप्प ठेवायची असं ठरलं. तिथल्या ब्रिगेडचा प्रमुख होता कर्नल इस्साखार शदमी. त्याच्या हाताखाली सीमा पोलिसांची एक बटालियन दिलेली होती, तिचा प्रमुख मेजर श्मुएल मलिंकी. रोज रात्री नऊला सुरू होणारी संचारबंदी शदमीने त्या दिवशी संध्याकाळी पाचला आणली.

इथून पुढचं मी फार सावकाश वाचलं, कारण सगळा प्रकार दोन-तीन प्रश्नोत्तरांवर उभा आहे.

मलिंकीने कोर्टात सांगितलं ते असं. संचारबंदी कडक हवी, अटका नकोत, गोळीच घालायची, असा शदमीचा आदेश होता. मलिंकीने विचारलं, जो माणूस बाहेरून कामावरून येतोय आणि ज्याला संचारबंदीचं ठाऊकच नाही, त्याचं काय करायचं? त्यावर शदमी अरबीत म्हणाला, ‘अल्लाह यरहमो’. मेलेल्या माणसाचं नाव घेताना म्हणतात ते शब्द, अल्ला त्याच्यावर दया करो. आपण असं म्हटल्याचं शदमीने पुढे नाकारलं.

मलिंकी तिथून आपल्या अधिकाऱ्यांकडे आला आणि त्याने त्यांना आदेश समजावून दिले. घरात असतील त्यांना हात लावायचा नाही, बाहेर दिसेल त्याला मारायचं. अधिकाऱ्यांनीही विचारलं. बायका-पोरांचं काय? भावनाबिवना नकोत, असं उत्तर आलं. आणि कामावरून परत येणाऱ्यांचं? तेच शब्द पुन्हा वरून खाली आले, ‘अल्लाह यरहमो’.

म्हणजे प्रश्न पडला नव्हता असं नाही. मी वाचायला घेतलं तेव्हा मला वाटलं होतं की घाईत, युद्धाच्या गडबडीत बाहेर असलेल्यांचा विचार कुणाच्या डोक्यातच आला नसेल, आणि अंधारात, भीतीपोटी गोळ्या सुटल्या असतील. तसं नव्हतं. कर्नलसमोर मेजरने विचारलं, मेजरसमोर लेफ्टनंटांनी विचारलं, सार्जंटसमोर मुख्तारने विचारलं. एकच प्रश्न तीन ठिकाणी, तीन वेगवेगळ्या तोंडांतून आला. प्रत्येकाला बाहेरची माणसं डोळ्यांपुढे दिसत होती. ती दिसत असूनही झालं.

कफ्र कासिमची जबाबदारी लेफ्टनंट गॅब्रिएल दहानच्या पलटणीकडे होती. त्याने माणसं वाटून गावाच्या वेगवेगळ्या बाजूंना उभी केली. पश्चिमेच्या वाटेने पेताह तिकवा या शहरातून आणि आसपासच्या मळ्यांतून बहुतेक लोक परत येत, त्यामुळे सगळ्यात जास्त माणसं तिथेच मारली गेली. ऑक्टोबरच्या शेवटी तिथे पाचला सूर्य मावळतो. पहिले आले ते सायकलींवर. कुठले, असं विचारलं. कफ्र कासिमचे, असं त्यांनी सांगितलं. खाली उतरवून रांगेत उभं केलं आणि गोळीबाराचा हुकूम दिला. मागून गाड्या येत राहिल्या, ट्रक येत राहिले, मेंढरं हाकत मेंढपाळ आले. थांबवायचं, गाव विचारायचं, उतरवायचं. गाव कुठलं हे विचारून मग गोळी घालायची, हे मला वाचवत नव्हतं. संचारबंदीत कुणी अनोळखी माणूस घुसतोय का, हे पाहायला तो प्रश्न असायला हवा होता. इथे ‘मी इथलाच आहे, घरी चाललोय’ हे उत्तर दिल्यावर माणूस मेला.

ऑलिव्हचा हंगाम होता. एका ट्रकमध्ये ऑलिव्ह तोडून परतणाऱ्या बायका आणि मुली होत्या. त्यांनी गयावया केली. त्यांच्यावरही गोळ्या झाडल्या. एक मुलगी जखमी होऊन प्रेतांमध्ये पडून राहिली, मेली असं समजून तिला सोडलं, म्हणून ती वाचली. मेलेल्यांत सहा बायका होत्या, १२ ते १५ वर्षांच्या सहा मुली होत्या, १४ ते १७ वर्षांची दहा मुलं होती आणि ८ ते १३ वर्षांची सात. हे सगळं चालू असताना वायरलेसवरून वरती कळवलं जात होतं. आधी एक कमी झाला, मग पंधरा कमी झाले, मग मोजणं अवघड आहे. शेवटी वरून थांबा असा निरोप आला तोवर वेशीवर ढीग पडले होते.

संचारबंदी चालूच होती, त्यामुळे नातेवाइकांना दाराबाहेर येता येत नव्हतं. गोळ्यांचे आवाज त्यांनी घरात बसून ऐकले, कोण आलं नाही हे मोजत रात्र काढली. शेजारच्या जलजुलिया गावातून माणसं आणून त्यांच्याकडून रातोरात खड्डे खणून घेतले आणि प्रेतं पुरली. कुणाचं तोंड कुणाला शेवटचं पाहायला मिळालं नाही.

माझी नोकरी महसूल खात्यात गेली. बरीच वर्षं तहसील कचेरीत, मग प्रांत कचेरीत. संचारबंदीचा आदेश ही माझ्यासाठी वर्तमानपत्रातली गोष्ट नाही, मी तो टाइप केलेला आहे. आमच्या तालुक्याच्या गावी एकदा तेढ वाढली, दगडफेक झाली, दुकानं जळली, आणि कलम १४४ खाली आदेश काढायचं ठरलं. मसुदा समोर होता. दूध, औषधं, रुग्णवाहिका, वर्तमानपत्रं यांना सूट, ही ओळ नेहमीची. वेळ घातली होती संध्याकाळी सहाची. साहेबांनी सही करायला पेन उचललं आणि मला विचारलं, ‘बाई, आज वार कुठला?’ मी म्हटलं, ‘गुरुवार.’ ‘म्हणजे बाजार. खेड्यातली माणसं बाजारात असणार. शेवटची एसटी किती वाजता सुटते?’ मला ठाऊक नव्हतं. डेपोला फोन लावला. शेवटची गाडी सव्वासातची होती आणि बाहेरून येणारी एक मुक्कामी गाडी साडेआठला. साहेबांनी सहा खोडून नऊ केले, फौजदारसाहेबांना बोलावून सांगितलं की गाड्यांतून उतरणाऱ्यांना तिकीट बघून घरी पोहोचवा, आणि रिक्षाला भोंगा बांधून गावभर पुकारा करायला लावला. एवढ्याने सगळं शांत झालं असं नाही, रात्री दोन घरं आणखी पेटली. पण रस्त्यावर चुकून सापडला म्हणून कुणी मार खाल्ला नाही.

मी हे आमच्या साहेबांचं कौतुक म्हणून लिहीत नाही. ते कडक होते, कचेरीत त्यांची धास्ती असे. लिहिते ते एवढ्यासाठी की सत्तेचा कागद काढणाऱ्या कुठल्याही साध्या माणसाला हा प्रश्न पडतो. पडायला फार मोठं मन लागत नाही. कागदावरची वेळ आणि रस्त्यावरची माणसं यांच्यामध्ये अंतर असतं, हे कारकुनालाही कळतं. प्रश्न विचारल्यावर वरून जे उत्तर येतं ते घेऊन तुम्ही पुढे जाता की तिथे अडता, सगळं तिथे ठरतं.

हे मी मोघम बोलत नाही, त्याच संध्याकाळचा त्याला पुरावा आहे. मलिंकीच्या बटालियनकडे एकटं कफ्र कासिम नव्हतं. तैबे, तिरा, जलजुलिया, कफ्र बारा, कलनसुवा अशी आजूबाजूची गावंही त्याच आदेशाखाली होती. तेच शब्द, तीच पाचची वेळ, तीच बाहेर राहिलेली माणसं. तिथे असं हत्याकांड झालं नाही. तिथल्या अधिकाऱ्यांनी परतणाऱ्यांना घरी जाऊ दिलं, कुणी संचारबंदी लावायलाच उशीर केला, कुणी माणसं एकत्र करून गावात सोडली. त्यांनी बंड केलं नाही, राजीनामे दिले नाहीत, भाषणं केली नाहीत. आदेश ऐकला आणि तो पाळला नाही. तेही त्याच पोलिसांत होते, त्याच वयाचे, त्याच युद्धाच्या बातम्या ऐकणारे. युद्धात असं होतंच, असं जेव्हा कुणी मला सांगतं तेव्हा मला ही शेजारची गावं आठवतात. तिथल्या माणसांनी रात्री घरी जाऊन जेवण केलं.

बातमी दाबली गेली. पंतप्रधान दावीद बेन गुरियन यांच्या सरकारने वर्तमानपत्रांवर सेन्सॉरचा पडदा टाकला. पण कुजबुज पसरत होती. तौफीक तूबी आणि मेईर विल्नर हे कम्युनिस्ट पक्षाचे दोन खासदार, एक अरब आणि एक ज्यू, वेढा चुकवून गावात शिरले, जखमींना भेटले, साक्षी लिहून घेतल्या. मापाम या डाव्या पक्षाचे लतीफ दोरी यांनीही जखमींच्या तोंडून हकीकत टिपली. वर्तमानपत्रं छापणार नाहीत म्हणून तूबींनी नोव्हेंबरमध्ये ती माहिती पत्राच्या रूपात तयार करून देशातल्या शेकडो लोकांना टपालाने पाठवली. अखेर १२ डिसेंबरला बेन गुरियन यांना संसदेत उभं राहून बोलावं लागलं. सगळे सदस्य मृतांसाठी उभे राहिले.

इस्रायलमध्ये हे बाहेर काढणाऱ्यांत ज्यू होते, हे मला आवर्जून सांगावंसं वाटतं. आमच्या गटांत चर्चा सुरू झाली की दोन रकाने पडतात आणि सगळी माणसं त्यात कोंबली जातात. विल्नर आणि तूबी एकाच गाडीतून त्या गावाकडे गेले असतील, तर त्यांना कुठल्या रकान्यात टाकायचं?

खटला चालला तो लष्करी कोर्टात. अकरा जणांवर आरोप होता. प्रमुख न्यायाधीश बिन्यामिन हालेवी. जन्म जर्मनीतला, १९३३ मध्ये, हिटलर सत्तेवर आला त्या वर्षी, ते पॅलेस्टाइनला आले. पुढे १९६१ मध्ये, ज्यूंच्या संहारातला नाझी अधिकारी आइखमन याच्या खटल्यातल्या तीन न्यायाधीशांपैकीही ते एक होते. पण कफ्र कासिमचा निकाल त्याच्या आधीचा, ऑक्टोबर १९५८ चा. आरोपींचं म्हणणं एकच, आम्ही हुकूम पाळला. न्युरेंबर्गमध्ये नाझी अधिकाऱ्यांनी हेच सांगितलं होतं आणि त्याला दहा-बारा वर्षंच झाली होती. आता ज्यू राष्ट्राच्या कोर्टात, ज्यू न्यायाधीशांपुढे, ज्यू पोलीस तेच सांगत होते. हालेवींनी काय लिहावं, यावर बरंच काही अवलंबून होतं.

त्यांनी लिहिलं की सैनिकाने हुकूम पाळायचा असतो, आणि तो कायदेशीर आहे की नाही याचा कीस त्याने रणांगणावर काढत बसू नये. पण काही हुकूम असे असतात की त्यांच्यावर काळ्या निशाणासारखा ‘मनाई’ असा इशारा फडकत असतो. डोळा आंधळा नसेल आणि काळीज दगड झालेलं किंवा सडलेलं नसेल, तर तो बेकायदेशीरपणा डोळ्याला टोचतो, काळजाला झोंबतो. असा हुकूम पाळणं हाच गुन्हा. तेव्हापासून इस्रायली सैन्याच्या शिक्षणात हे काळं निशाण आहे, नव्या भरतीला ते शिकवलं जातं. जगातल्या लष्करी कायद्याच्या चर्चांतही त्याचा दाखला देतात.

मी तो उतारा वाचून उठले आणि बराच वेळ स्वयंपाकघरात नुसतीच उभी राहिले. कारण हालेवींनी कायद्याचा आधार शेवटी काळजावर ठेवला. कलम, पोटकलम, अपवाद हे सगळं बाजूला सारून ते म्हणाले की डोळे आणि काळीज शाबूत असेल तर कळतंच. आयुष्यभर कलमांच्या आधाराने कागद लिहिलेल्या बाईला हे फार आतून पटलं. आणि त्याच निकालाच्या पुढच्या पानांवर शिक्षा वाचल्या.

अकरापैकी आठ जण दोषी ठरले. मलिंकीला १७ वर्षं, दहानला १५. अपिलात त्या कमी झाल्या. मग लष्करप्रमुखांनी कमी केल्या, मग राष्ट्राध्यक्षांनी आणखी कमी केल्या. १९६० साल उजाडलं तेव्हा सगळे मोकळे झालेले होते किंवा व्हायच्या बेतात होते. ४९ माणसांच्या खुनासाठी सगळ्यात जास्त तुरुंगवास जेमतेम साडेतीन वर्षांच्या आसपास झाला. कर्नल शदमीवर वेगळा खटला झाला. खुनाच्या आरोपातून तो सुटला. संचारबंदीची वेळ बदलण्याचा त्याला अधिकार नव्हता, एवढ्यापुरता दोषी ठरला आणि दंड झाला दहा प्रुता, म्हणजे एक ग्रुश. त्या वेळच्या इस्रायली चलनातलं एक बारकं नाणं. ‘शदमीचा ग्रुश’ हे शब्द तिथल्या अरबांच्या तोंडी राहिले, अरबाच्या जिवाची सरकारदरबारी किंमत किती हे सांगायला. काळ्या निशाणाचा निकाल आणि हा ग्रुश एकाच प्रकरणाच्या फायलींत आहेत. जगाने निकाल लक्षात ठेवला आहे. कफ्र कासिमने ग्रुश लक्षात ठेवला आहे. त्यांना मी अजिबात दोष देत नाही.

सुटल्यावर दहानला १९६० मध्ये नोकरी मिळाली रामलाच्या नगरपालिकेत. काम काय, तर अरबांच्या प्रश्नांचा विभाग.

रामला वाचून मी दचकले. रामला हे नाव मी लहानपणापासून ऐकत आले. आम्ही पेणचे. आमच्या आळीत एक बेने इस्रायली कुटुंब होतं. कोकणातले ज्यू, ‘शनवार तेली’, शनिवारी घाणा बंद ठेवणारे. मावशींच्या हातचा मलिदा, एलियाहू नबीच्या नावाने वाटलेला, आम्हा पोरांना मिळायचा. ते कुटुंब इस्रायलला गेलं आणि रामलात स्थिरावलं. तिथे आणि शेजारच्या लोदमध्ये पुष्कळ मराठी घरं आहेत. मावशी आईला मराठीत पत्रं लिहीत. एका पत्रात त्यांनी ऑलिव्हचं लोणचं कसं घालायचं ते सविस्तर लिहिलं होतं. हिरवी ऑलिव्ह दगडाने चेचायची, कडूपणा जाईपर्यंत रोज पाणी बदलायचं, मग मीठ, लिंबाच्या फोडी आणि मिरची. ही कृती बाजारातल्या अरब भाजीवाल्याने सांगितली, असंही लिहिलं होतं. पेणला ऑलिव्ह कुठून येणार? पण आईने ते पत्र डब्यात जपून ठेवलं.

त्यामुळे इस्रायल हा माझ्यासाठी कधीच परका देश नव्हता. तिथे आपली माणसं आहेत, कोकणातून गेलेली, आरतीच्या चालीवर हिब्रू प्रार्थना म्हणणारी. त्यांच्या घरांवर रॉकेट पडतात तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. मावशींच्या नातवंडांपैकी कुणी सैन्यात असेल, तर त्याच्या हाती तो नियम दिला गेला असेल, काळ्या निशाणाचा. तो कफ्र कासिमच्या वेशीवरून आलेला आहे, हे त्याला सांगितलं का, हे मला विचारायचं आहे. आणि ज्या बाजारात त्याच्या आजीने अरबाकडून ऑलिव्ह घेतली, त्याच शहरात दहान अरबांचे अर्ज हाताळायला बसवला गेला होता, हे सांगितलं का, हेही.

खटला अजून चालू असतानाच, नोव्हेंबर १९५७ मध्ये, सरकारने गावात सुलहा घडवून आणला. सुलहा ही अरब समाजातली जुनी रीत. खून करणाऱ्याच्या बाजूचे लोक गुन्हा कबूल करतात, मृताच्या घरापुढे मान खाली घालून येतात, मध्यस्थ बसतात, भरपाई ठरते, मग एकत्र जेवण होतं आणि वैर संपतं. इथे मंडप पडला, जेवणावळ झाली, सरकारी पाहुणे आले, फोटो निघाले. मृतांच्या घरच्यांनी पुढे वर्षानुवर्षं सांगितलं की आम्हाला त्या पंगतीला बसवलं, आम्ही बसलो नाही. लष्करी राजवटीत राहणाऱ्या, परवान्याशिवाय कामावर जाता न येणाऱ्या माणसाने नाही म्हणायचं तरी कसं? मला या सगळ्या प्रकरणात गोळीबाराच्या खालोखाल ही जेवणावळ असह्य होते. क्षमा करणं हे मृताच्या आईच्या हातात उरलेलं शेवटचं काही असतं. ते तिच्याकडून वसूल केलं गेलं.

पुढची वर्षं गावाने आठवण धरून ठेवली. लष्करी राजवट होती तोवर स्मरणसभांवर बंधनं होती. ती उठल्यावर दर २९ ऑक्टोबरला गावातून मोर्चा निघू लागला, स्मारक उभं राहिलं, मृतांची नावं मोठ्याने वाचली जाऊ लागली. २००७ मध्ये राष्ट्राध्यक्ष शिमॉन पेरेस यांनी गावात जाऊन क्षमा मागितली. २०१४ मध्ये रूवेन रिव्हलिन त्या वार्षिक स्मरणसभेला हजर राहणारे पहिले राष्ट्राध्यक्ष ठरले. रिव्हलिन उजव्या विचारांच्या लिकूद पक्षातून आलेले, त्यामुळे त्यांचं तिथे उभं राहणं सोपं नव्हतं. २०२१ मध्ये आयझॅक हर्झोग यांनीही मान लववून माफी मागितली. पण त्याच आठवड्यात संसदेत एक विधेयक आलं होतं. हत्याकांडाची राज्याने अधिकृत दखल घ्यावी, ते शाळांत शिकवावं, कागदपत्रं खुली करावीत, अशा त्यातल्या मागण्या. ते मोठ्या मताधिक्याने फेटाळलं गेलं.

२०२२ मध्ये, इतिहासकार आदाम राझ यांच्या चिकाटीमुळे, खटल्याच्या गुप्त ठेवलेल्या साक्षींचा बराच भाग खुला झाला. काही अधिकाऱ्यांच्या साक्षींत अशा एका योजनेचे उल्लेख आहेत, की जॉर्डनशी युद्ध पेटलं तर या पट्ट्यातल्या अरबांना तिथून हलवायचं. कफ्र कासिम त्या योजनेचाच भाग होतं का, यावर अभ्यासकांत वाद आहे. मला त्या साक्षी वाचताना पुन्हा तोच प्रश्न दिसला, वेगवेगळ्या अधिकाऱ्यांच्या तोंडी: बाहेर असलेल्यांचं काय?

माफी मागणारे राष्ट्राध्यक्ष मनापासून बोलले असतील, मी त्यांच्यावर शंका घेत नाही. पण माफी हे एका माणसाचं बोलणं आहे, ते त्याच्याबरोबर खुर्चीवरून उतरतं. गाव मागतंय ते कागदावर. सरकारी कागदावर काय लिहिलं जातं आणि काय लिहिलं जात नाही याचं मोल मला ठाऊक आहे. लोकांची आयुष्यं त्यावर अडलेली मी रोज पाहिली आहेत. राज्याने कायद्याने म्हणावं की आम्ही आमच्याच नागरिकांना मारलं, ती जबाबदारी आमची. आणि शाळेत हे शिकवताना तैबे-तिऱ्याच्या त्या अधिकाऱ्यांबद्दलही शिकवावं, ज्यांनी तोच हुकूम घेतला आणि माणसांना घरी जाऊ दिलं. इस्रायलच्या शाळेत शिकवावं, गाझाच्या शाळा पुन्हा उभ्या राहतील तेव्हा तिथे शिकवावं, आणि आपल्याकडे पोलीस भरतीच्या प्रशिक्षणातही शिकवावं असं मला वाटतं. गावाची मागणी अजून उभी आहे. दर वर्षी मोर्चात ती पुन्हा वाचली जाते.